कंटेनर चढवण्याआधी लिनक्सची मशागत

कुबरनेटिस, म्हणजे अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा, बसवायला घेतलं की पहिल्या तासाभरात पंधरा-वीस कमांड एकामागून एक टर्मिनलवर चिकटवल्या जातात. स्वॅप बंद करा, दोन मॉड्यूल चढवा, एका फाइलमध्ये तीन ओळी घाला, अमुक सर्व्हिस रीस्टार्ट करा. सगळं जमून येतं, क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा गट) उभं राहतं आणि यातलं काय कशासाठी केलं हे कोणी विचारत नाही. तो प्रश्न पुढे भलत्याच वेळी समोर येतो. एखादा सर्व्हर रीबूट होतो आणि क्लस्टरमध्ये परत यायचं नाव घेत नाही, किंवा कालपर्यंत एकमेकांशी बोलणारे दोन पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट) आज गप्प होतात. आपणच लावलेल्या सेटिंगपैकी कुठलं तपासायचं हे तेव्हा सुचत नाही. म्हणून इथे कमांडची यादी देत नाही. त्या कमांडमुळे लिनक्सच्या पोटात काय बदलतं, ते सांगतो.

सुरुवात कंटेनरपासूनच करावी लागते. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो, तिचं बिऱ्हाड पूर्ण वेगळं. कंटेनरला कर्नल नसतो. कंटेनर ही त्याच सर्व्हरवरची एक साधी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, असते. हे डोळ्यांनी पाहता येतं. कंटेनरच्या आत शिरून प्रोसेसची यादी काढा. आपला प्रोग्रॅम 1 क्रमांकावर दिसेल, जणू अख्खं मशीन त्याचंच आहे. मग बाहेर येऊन सर्व्हरवर तीच यादी काढा. तोच प्रोग्रॅम 48213 असा काहीतरी क्रमांक घेऊन इतर शेकडो प्रोसेसच्या गर्दीत उभा असतो. प्रोसेस एकच, ओळखक्रमांक दोन.

हे कर्नलमधल्या दोन सोयींमुळे घडतं. नेमस्पेस ही सोय प्रोसेसला काय दिसावं ते ठरवते: कुठल्या फाइली, कुठलं नेटवर्क, कुठल्या शेजारच्या प्रोसेस. सी-ग्रुप ही सोय तिला किती मिळावं ते ठरवते: किती मेमरी, किती सीपीयू. दोन्ही गोष्टी कंटेनरच्या लाटेच्या बऱ्याच आधीच्या आहेत. पहिली नेमस्पेस 2002 साली लिनक्समध्ये आली. सी-ग्रुपचं काम गूगलमधल्या इंजिनियरांनी 2006 मध्ये हाती घेतलं आणि 2008 च्या जानेवारीत ते 2.6.24 या कर्नलमध्ये दाखल झालं. डॉकर 2013 मध्ये आलं, कुबरनेटिस 2014 मध्ये जाहीर झालं. म्हणजे त्यांनी कर्नलमध्ये होतं तेच सामान नीट बांधून हाताळायला सोपं करून दिलं.

यातून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका नोडवर (क्लस्टरमधल्या एका सर्व्हरवर) चाळीस कंटेनर असोत की शंभर, सगळ्यांच्या पायाखाली कर्नल एकच. त्या कर्नलमध्ये एक सेटिंग चुकलं तर ते सगळ्यांनाच चुकीचं लागू होतं. पुढची सगळी तयारी याच एका कर्नलची आहे.

आता स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. बहुतेक मार्गदर्शिका पहिलीच आज्ञा देतात की स्वॅप बंद करा, आणि कारण न सांगता पुढे जातात. प्रत्येक नोडवर क्यूबलेट नावाचा कारभारी बसलेला असतो. या पॉडला 512 मेगाबाइट, त्याला 2 गिगाबाइट असा मेमरीचा हिशोब तो ठेवतो, आणि कुठला पॉड कुठे टाकायचा हे याच हिशोबावर ठरतं. मर्यादा ओलांडणाऱ्या कंटेनरला कर्नल मारून टाकतो, कुबरनेटिस त्याला पुन्हा उभं करतं. हा खेळ कठोर असला तरी स्वच्छ आहे. स्वॅप आला की हिशोबात खोट येते. मेमरी संपली तरी काही मरत नाही, मेमरीची पानं (तुकडे) डिस्कवर जायला लागतात, आणि तो पॉड जिवंत पण अतिशय संथ होतो. डिस्कवर ताण आल्याने शेजारचे पॉडही रखडतात. मेलेला पॉड यंत्रणेला ओळखता येतो. रखडलेला ओळखणं तिला जड जातं. म्हणून स्वॅप चालू दिसला तर क्यूबलेट मुळात सुरूच होत नाही. नव्या आवृत्त्यांमध्ये मर्यादित स्वॅप वापरायची मुभा आहे, पण ती विचारपूर्वक कॉन्फिगर करावी लागते. पहिल्या क्लस्टरसाठी स्वॅप बंदच ठेवा.

इथे एक हमखास चूक होते. स्वॅपऑफ ही कमांड चालू क्षणापुरती असते. बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधली स्वॅपची ओळ तशीच राहिली तर पुढच्या बूटला स्वॅप परत येतो. शिवाय लिनक्सची काही वितरणं (तयार संच) स्वॅप एफएसटॅबमध्ये लिहीतच नाहीत. फेडोरात 33 व्या आवृत्तीपासून मेमरीतच दाबून ठेवलेला झेडरॅम स्वॅप आपोआप तयार होतो. एफएसटॅब कोरी पाहून निर्धास्त झालेल्यांना तो नंतर भेटतो.

पुढे येतात दोन मॉड्यूल (कर्नलला जोडायचे सुटे भाग), ओव्हरले आणि बीआर-नेटफिल्टर. ओव्हरले समजायला सोपं. कंटेनरची इमेज, म्हणजे तो ज्यावरून चालतो तो फाइलींचा संच, थरांची बनलेली असते: खाली लिनक्सच्या मूळ फाइली, त्यावर भाषेच्या लायब्ररी, त्यावर आपला प्रोग्रॅम. पारदर्शक कागद एकावर एक ठेवून वरून पाहावं तसे हे थर ओव्हरले एकत्र दाखवतं. कंटेनरने काही लिहिलं तर ते सर्वांत वरच्या स्वतंत्र कागदावर उमटतं, खालचे कागद जसेच्या तसे राहतात. त्यामुळे एकाच इमेजवरून पन्नास कंटेनर चालवले तरी खालचे थर डिस्कवर एकदाच असतात. डिस्क एक्सएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तिथे एफटाइप हा पर्याय 1 हवा, नाहीतर ओव्हरले नीट चालत नाही. हल्ली तो तसाच येतो. जुन्या सर्व्हरवर मात्र पाहून घ्या.

बीआर-नेटफिल्टरची गोष्ट अधिक रंजक आहे, आणि ती समजली की कुबरनेटिसचं निम्मं नेटवर्क समजतं. तिथे थोडं रेंगाळू.

एका नोडवरचे पॉड बऱ्याचदा एका आभासी स्विचला जोडलेले असतात. त्याला ब्रिज म्हणतात. आता ‘अ’ पॉडला ‘ब’ पॉडशी बोलायचं आहे, पण तो ‘ब’चा पत्ता जाणत नाही. तो सर्व्हिसचा (पॉडसमोर ठेवलेल्या कायमच्या दाराचा) पत्ता जाणतो, समजा 10.96.0.50. हा पत्ता कुठल्याच नेटवर्क कार्डावर नसतो. नेहमीच्या मांडणीत तो फक्त आयपीटेबल्स या कर्नलच्या नेटवर्क गाळणीच्या नियमांमध्ये असतो. पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) निघालं की नियम त्यावरचा पत्ता बदलून ‘ब’चा खरा पत्ता घालतात. पॅकेट ‘ब’ला मिळतं. ‘ब’ उत्तर लिहितो आणि ‘अ’कडे पाठवतो. दोघे एकाच ब्रिजवर, म्हणून उत्तर ब्रिजवरून थेट जातं. ब्रिजवरची ही वाहतूक आयपीटेबल्सच्या नजरेखालून गेली नाही, तर पत्ता उलट बदलायचं काम राहून जातं. ‘अ’च्या हाती उत्तर पडतं, पण पाठवणारा म्हणून ‘ब’चं नाव. ‘अ’ने विचारलं होतं 10.96.0.50 ला, या अनोळखी पत्त्याशी त्याचं काही बोलणं सुरू नाही. तो उत्तर टाकून देतो आणि वाट पाहत राहतो.

बीआर-नेटफिल्टर चढवून ब्रिजसाठीची दोन सेटिंग 1 केली, एक आयपी चौथ्या आवृत्तीसाठी आणि एक सहाव्यासाठी, की ब्रिजवरचं पॅकेटसुद्धा आयपीटेबल्समधून जातं आणि पत्ता परत जागेवर येतो. हे राहून गेलं तर लक्षण चमत्कारिक असतं: दोन वेगळ्या नोडवरचे पॉड सर्व्हिसमधून व्यवस्थित बोलतात, आणि एकाच नोडवरचे शेजारी बोलत नाहीत. कारण ठाऊक नसेल तर यात दिवस जातो.

तिसरं सेटिंग आयपी फॉरवर्डिंगचं. लिनक्स मुळात सौजन्याने वागतो. जे पॅकेट आपल्या नावाचं नाही ते पुढे ढकलत नाही, टाकून देतो. कुबरनेटिसचा नोड मात्र पॉडसाठी राउटरचं काम करतो, येणारं-जाणारं पॅकेट त्याने पुढे द्यायलाच हवं. म्हणून हेही 1.

क्रमाकडे लक्ष द्या. मॉड्यूल चढलेलं नसेल तर ब्रिजची ती दोन सेटिंग अस्तित्वातच नसतात, आणि सेटिंग लावणारं सिसकंट्रोल ‘अशी फाइल नाही’ म्हणून तक्रार करतं. आणि मॉडप्रोब कमांडने चढवलेलं मॉड्यूल रीबूटनंतर उतरलेलं असतं. त्याचं नाव मॉड्यूल्स-लोड नावाच्या डिरेक्टरीत एका फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं, तसंच सेटिंगही सिसकंट्रोलच्या डिरेक्टरीत.

कंटेनर प्रत्यक्ष सुरू करण्याचं काम कंटेनर-डीसारखा रनटाइम करतो. पूर्वी तिथे डॉकर असायचं. 2022 मध्ये आलेल्या 1.24 आवृत्तीत कुबरनेटिसने डॉकरशी बोलणारा आपला खास दुवा काढून टाकला. डॉकरने बनवलेल्या इमेज पूर्वीसारख्याच चालतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. सी-ग्रुपचा कारभार कोण पाहणार हे एकच उत्तर असलं पाहिजे. आजच्या बहुतेक लिनक्सवर सिस्टिमडी हा पहिल्या क्रमांकाचा प्रोसेस असतो आणि सी-ग्रुपची अख्खी झाडाची रचना तोच सांभाळतो. क्यूबलेट सिस्टिमडीमार्फत काम करत असेल आणि रनटाइम मात्र स्वतःच थेट त्या झाडात फांद्या काढत असेल, तर एकाच तिजोरीच्या दोन वह्या होतात. ताण नसताना चालून जातं. ताण आला की नोड डळमळतो, कंट्रोल प्लेनचे (क्लस्टर चालवणाऱ्या यंत्रणेचे) पॉड उठतात-बसतात, आणि लॉगमध्ये सरळ कारण सापडत नाही. कंटेनर-डीच्या कॉन्फिगरेशनमध्ये सिस्टिमडी सी-ग्रुप हा पर्याय ‘ट्रू’ आहे का, हे स्वतः फाइल उघडून बघा. कुणी सांगितलं म्हणून मानू नका.

आता एक माझा अनुभव. एका साच्यातून तीन व्हर्च्युअल मशीन काढली होती. एक नीट तयार केलं, त्याच्या दोन प्रती. होस्टनेम तिन्हींचं बदललं आणि काम झालं असं समजलो. दोन मशीन एकत्र चालू केली की नेटवर्क विचित्र वागायचं. एक दिसायचं, दुसरं गायब. संध्याकाळपर्यंत केबल, स्विच, फायरवॉल सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी कळलं की दोन्ही मशीन डीएचसीपीकडून (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) एकच आयपी पत्ता घेत होती. लिनक्स प्रत्येक मशीनला मशीन-आयडी नावाचा एक लांबलचक क्रमांक देतो, आणि सिस्टिमडीचं नेटवर्क व्यवस्थापन डीएचसीपीला आपली ओळख सांगताना तोच क्रमांक वापरतं. प्रती काढताना तो क्रमांकही नकलला गेला होता. तेव्हापासून साचा बनवताना मी मशीन-आयडीची फाइल रिकामी करून ठेवतो. पुसत नाही, रिकामी करतो. पहिल्या बूटला प्रत्येक मशीन स्वतःचा नवा क्रमांक लिहितं. कुबरनेटिसच्या दृष्टीने होस्टनेम, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता आणि हार्डवेअरचा ओळखक्रमांक (प्रॉडक्ट-यूयूआयडी) हे तिन्ही नोडगणिक वेगळे हवेत.

घड्याळांबद्दल थोडक्यात. क्लस्टरमधला जवळपास सगळा संवाद प्रमाणपत्रांवर चालतो आणि प्रमाणपत्रावर ‘या वेळेपासून ग्राह्य’ अशी वेळ असते. एखाद्या नोडचं घड्याळ मागे असेल तर नुकतंच दिलेलं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं आणि तो ते नाकारतो. घड्याळ जुळवणारा क्रोनी चालू ठेवा. तिन्ही मशीनची वेळ एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

नेटवर्कची आखणी मात्र घाईत करू नका, कारण ती नंतर बदलणं फार महागात पडतं. पॉडसाठी एक पत्त्यांचा पट्टा लागतो, सर्व्हिससाठी दुसरा, आणि सर्व्हर ज्या नेटवर्कवर आहेत तो तिसरा. तिघे एकमेकांवर चढता कामा नयेत. पॉडचा पट्टा आणि तुमच्या डेटाबेसचं नेटवर्क एकच निघालं, तर डेटाबेसकडे निघालेलं पॅकेट क्लस्टरच्या आतच घुटमळेल.

पट्टे नीट असले तरी एक छुपा खड्डा उरतो, आणि त्याने भल्याभल्यांना रडवलं आहे. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल लांबी साधारणपणे 1500 बाइट असते. दोन नोडमधल्या पॉडची वाहतूक बऱ्याचदा व्हीएक्सलॅन पद्धतीने जाते, म्हणजे पॉडचं पॅकेट एका मोठ्या पाकिटात घालून पाठवलं जातं. त्या बाहेरच्या पाकिटाला 50 बाइट लागतात. म्हणून आतल्या पॅकेटला 1450 ची मर्यादा हवी. आता समजा, तुमचे सर्व्हर ज्या नेटवर्कवर आहेत तेच आधीपासून पाकीटबंद आहे आणि त्याची मर्यादा 1450 आहे. मग पॉडची मर्यादा 1400 व्हायला हवी. ती 1450 राहिली तर मोठी पॅकेट वाटेत गळतात आणि छोटी सुखरूप पोचतात. पिंग चालतं. नाव शोधणं चालतं. जोडणीही होते. सुरक्षित जोडणीत समोरचा सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो, ते मोठं पॅकेट असतं, आणि नेमकं तिथे सगळं गोठतं. हे तपासायला पिंगच कामी येतं. ‘तुकडे करू नका’ असं सांगून 1472 बाइटचं पिंग पाठवा. त्यात शीर्षकाचे 28 मिळवले की 1500 होतात. ते गेलं नाही तर आकडा उतरवत जा. जिथे जाऊ लागतं, त्या आकड्यात 28 मिळवले की तुमच्या नेटवर्कची खरी मर्यादा.

नावं शोधण्याच्या बाबतीतही एक सापळा आहे. उबुंटूसारख्या वितरणांवर डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता म्हणून 127.0.0.53 लिहिलेला असतो, म्हणजे ‘मलाच विचारा’. सर्व्हरवर हे बरोबर आहे, तिथे उत्तर द्यायला कोणीतरी बसलेलं असतं. तीच फाइल जशीच्या तशी क्लस्टरच्या डीएनएस पॉडमध्ये गेली तर पॉडच्या जगात त्या पत्त्यावर कोणीच नसतं, किंवा प्रश्न फिरून त्याच्याकडेच येत राहतो. कोअर-डीएनएस, म्हणजे क्लस्टरचा डीएनएस, हा फेरा ओळखून स्वतःच बंद पडतो. उपाय एवढाच की खऱ्या डीएनएस सर्व्हरचे पत्ते असलेली दुसरी फाइल क्यूबलेटला दाखवायची.

फायरवॉल आणि एसई-लिनक्स (प्रोसेसला काय करू द्यायचं ते ठरवणारी कर्नलची सुरक्षा) यांबद्दल माझं मत ठाम आहे. ‘दोन्ही बंद करा’ असं लिहिणाऱ्या मार्गदर्शिका मी बाजूला ठेवतो. फायरवॉलसाठी लागणारी पोर्ट मोजकी आणि जाहीर आहेत: एपीआय सर्व्हरला (क्लस्टरच्या मुख्य दाराला) 6443, एटसीडीला (क्लस्टरच्या डेटाबेसला) 2379 आणि 2380, क्यूबलेटला 10250, बाहेरून सर्व्हिस उघडायच्या असतील तर 30000 ते 32767. नेटवर्कचं जे प्लगइन निवडाल त्याचं आणखी एखादं. फ्लॅनेल या प्लगइनचं व्हीएक्सलॅन यूडीपी 8472 वापरतं. एवढी उघडायला दहा मिनिटं लागतात. एसई-लिनक्सचं महत्त्व तर सुरुवातीच्या त्याच मुद्द्यातून कळतं. सगळे कंटेनर एका कर्नलवर असतात, त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमने आपल्या नेमस्पेसची भिंत ओलांडली तर तो थेट सर्व्हरवर उतरतो. तिथे त्याला अडवणारी दुसरी भिंत एसई-लिनक्सची असते. ती केवळ एक चूक शोधायचा कंटाळा आला म्हणून पाडू नये.

डिस्कचं गणित एटसीडीपासून सुरू होतं. क्लस्टरला जे काही माहीत आहे ते सगळं या डेटाबेसमध्ये असतं. प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री झाल्याशिवाय एटसीडी पुढे जात नाही, म्हणून त्याला डिस्कच्या आकारापेक्षा तिची चपळाई लागते. शंभरातल्या नव्व्याण्णव नोंदी 10 मिलिसेकंदांच्या आत उतराव्यात, असा आडाखा आहे. एटसीडीचा म्होरक्या मुळात दर 100 मिलिसेकंदांनी ‘मी आहे’ असं इतरांना कळवतो; डिस्क अडकली आणि साधारण सेकंदभर त्याचा आवाज आला नाही तर बाकीचे नवा म्होरक्या निवडायला लागतात. संथ डिस्कवर ही निवडणूक वारंवार होते आणि क्लस्टर मधूनमधून बधिर झाल्यासारखं वाटतं. एटसीडीला एसएसडी द्या, जमल्यास स्वतंत्र.

इतर नोडवर प्रश्न जागेचा असतो. इमेज, कंटेनरचे लॉग आणि पॉडचा तात्पुरता डेटा हे सगळं व्हार डिरेक्टरीखाली साठतं. क्यूबलेट मुळात 10 टक्क्यांहून कमी जागा उरली की नोडला ‘डिस्कचा ताण’ असा शिक्का मारतो आणि पॉड बाहेर काढायला लागतो. इमेज वेगळ्या विभागात असतील तर तिथे ही रेघ 15 टक्क्यांवर असते. म्हणून सर्व्हर बसवतानाच व्हारला ऐसपैस जागा द्यावी. एका नोडवर मुळात 110 पॉडची मर्यादा असते, आणि तेवढे पॉड आले की फाइलींवर नजर ठेवणाऱ्या आयनोटिफायचीही मर्यादा संपू शकते. तेव्हा ‘फार फाइली उघड्या आहेत’ अशी दिशाभूल करणारी चूक दिसते, आणि माणूस भलतीच मर्यादा वाढवत बसतो.

पॅकेज बसवून झाली की त्यांची आवृत्ती गोठवा. रात्रीच्या आपोआप अपडेटने एका नोडचा क्यूबलेट पुढे गेला आणि एपीआय सर्व्हर मागे राहिला, तर ती जोडी चालत नाही. जुन्या लेखांतले पॅकेजचे पत्तेही वापरू नका. कुबरनेटिसचे पूर्वीचे भांडार सप्टेंबर 2023 मध्ये गोठवले गेले आणि पॅकेज नव्या जागी गेली.

हे सगळं एका मशीनवर हाताने करा, म्हणजे प्रत्येक पायरी हाताखालून जाते. दुसऱ्या मशीनपासून सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या अ‍ॅन्सिबलसारख्या साधनात लिहून काढा, नाहीतर पाचव्या नोडवर काहीतरी राहतंच.

आणि कुबरनेटिसला हात लावण्याआधी सगळी मशीन रीबूट करा. ही पायरी मी कधीच सोडत नाही. मशीन वर आली की प्रत्येकावर पाहा: स्वॅप शून्य आहे का, दोन्ही मॉड्यूल यादीत आहेत का, ती तीन सेटिंग 1 आहेत का, घड्याळ जुळलंय का, कंटेनर-डी आपणहून सुरू झालाय का, फायरवॉलचे नियम टिकलेत का. मग क्यूब-एडीएमची (क्लस्टर उभं करणाऱ्या साधनाची) पूर्वतपासणी तेवढी चालवा. ती तक्रार करेल. तक्रारींकडे दुर्लक्ष करायचा पर्याय तिने दिलेला आहे, तो वापरू नका. तिची एकेक ओळ वाचा, दुरुस्त करा, पुन्हा चालवा. ती तक्रारीशिवाय संपली की पहिला नोड उभा करायला घ्या.